हातचा

ॲपवर माझं नाव होतं गुणाकार७७.
कुणाला मी पुरुष वाटले असेन,
कुणी काहीच वाटून घेतलं नसेल.
कर्वेनगरात, सातवीच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर
लॅपटॉप ठेवून
मी चारशे तेवीस माणसांशी खेळत बसायचे
आणि त्यांतल्या एकाचाही हात मला दिसायचा नाही.
दिसायचं फक्त एक हिरवं वर्तुळ,
विचार करायला दिलेले पंधरा सेकंद,
संत्र्याच्या सालीसारखे सोलत सोलत संपणारे.

तिथे मी चांगली होते. खोटं कशाला बोलू.
दुर्री-सत्ती आली की टाकायची,
वाट बघायची, परत टाकायची.
लोकांना वाटतं हा धाडसाचा खेळ.
नव्वद टक्के खेळ
पोस्टाच्या रांगेत उभं राहण्याचा आहे.

एका गुरुवारी शेवटच्या नऊ जणांत होते.
पावणेतीन वाजलेले, हातात दोन राजे,
आणि कोपऱ्यावरचा डीपी उडाला.
मोबाइलचा हॉटस्पॉट लागेपर्यंत
यंत्रानं माझे राजे
माझ्या वतीनं टाकून दिले होते.
खालून वॉचमन म्हणाला, मॅडम, जाग्याच का अजून?
म्हटलं, पेपर तपासतेय.

मग ॲपच बंद झालं.
पत्ते गेले आणि एक पत्ता आला:
बालेवाडी, सातवा मजला.
महिन्यातला एक शनिवार, बावीस माणसं, तीन टेबलं,
चपला बाहेर.
भिंतीवर कागद चिकटवलेला,
'ओल्या हातांनी पत्ते पिसू नयेत'.
बोथरांचा ईशान ट्यूबलाइटखाली गॉगल लावून बसतो.
आणि माझ्या समोर तावरे,
खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त,
चिप्सच्या चळती अशा रचणारे
की जणू अजून कुणीतरी तपासणीला येणार आहे.

हात! इतके हात मी एकत्र कधी पाहिलेच नव्हते.
अंगठी फिरवणारे, नखं कुरतडलेले,
खाऱ्या शेंगदाण्यांचं मीठ लागलेले.
पहिला तासभर मी पत्ते कमी बघितले.

उरलो चौघं. पैसे तिघांना.
माझ्याकडे बदामची राणी, इस्पिकची राणी.
टेबलावर दश्शी, चव्वी, परत दश्शी.
तावऱ्यांनी सगळी चळत पुढे सरकवली
आणि त्यांचा उजवा हात थरथरला,
इतका, की चिप्स एकमेकींवर वाजल्या.
पुस्तकात असतं: भीतीनं नव्हे,
पानं चांगली आली की हात कापतो.
मी ते वाचलेलं होतं. पेन्सिलीनं रेघही मारलेली.
राण्या पालथ्या टाकल्या.
त्यांनी आपली दोन पानं न दाखवता गड्डीत सरकवली.
नियमच आहे तसा.

पुढच्या वीस मिनिटांत माझा पत्ता कट.

खाली टपरीवर चहा घेत होते,
तर ब्रेकमध्ये तावरेही उतरले.
म्हणाले, बाई, सबुरी आहे तुमच्याकडे.
चहावाल्यानं न विचारता
त्यांचा कप अर्धाच भरला.
तोही बोटांवर सांडला.
डाव्या हातानं उजवं मनगट धरून
त्यांनी दोन घोटांत संपवला, रस्त्याकडे बघत.
'तीन वर्षं झाली,' म्हणाले, मी काही न विचारता.
मग लिफ्टकडे गेले.
वर दोघं त्यांची वाट बघत होते.

त्यांच्या हातात काय होतं, मी विचारलं नाही.
रिक्षात, चांदणी चौकाच्या खोदकामापाशी अडकलेली,
मी स्वतःशीच म्हणाले, दश्शी असेलही.
असू शकते.
तीन वर्षं कापणाऱ्या हातातही
कधीमधी दश्शी येतच असेल.

सोमवारी शेजारचा स्वानंद, तिसरीतला, वही घेऊन आला.
बाई, हातचा धरायला विसरलो तर?
उत्तर चुकतं, म्हटलं.
पण रीत बरोबर असेल तर अर्धे गुण.
तो खूश होऊन पुढचं गणित मांडू लागला.
मी त्याच्या डोक्यावरून
कॅलेंडरातले शनिवार मोजत होते.