नऊ सेंटिमीटर

पहाटे चारला मी एकटाच पेइप्सी सरोवरावर उतरतो.
खांद्याला गिरमिट, कमरेला दोर,
दोराचं दुसरं टोक धक्क्याच्या कडीत.
कडीला कुठे हात असतात ओढायला,
तरी बांधतो.

भोक पाडतो, पट्टी घालतो. नऊ.
वीस पावलं पुढे, आठ.
लव्हाळ्यापाशी साडेनऊ, तिथे जरा रेंगाळतो.
हवेत बारा.
मग, खोटं कशाला बोलू,
पट्टी तिरपी धरून बघतो.
तिरपी धरली की अकरा भरतात.

शनिवारी तार्तूहून, ताल्लिनहून माणसं यायची,
गळ, थर्मास, घडीच्या खुर्च्या घेऊन.
ओस्वाल्दने ट्रॅक्टरची चाकं लावून गाडी जोडलीय,
जत्रेच्या दोन दिवसांवर त्याचं वर्ष निघतं.
येव्दोकियाने कांद्याच्या माळा ओवून ठेवल्यात.
माझ्या बहिणीने, हिल्येने,
कर्ज काढून सहा खोल्या रंगवल्या. पिवळ्या.

मी पट्टी सरळ केली.
सातच्या आत फलक लागला: बर्फावर जाण्यास मनाई.
खाली सही, अर्वेद रान्ना, ठाणेप्रमुख.

दुपारी हिल्ये फोनवर एवढंच म्हणाली,
"त्यांना बर्फावर पाय ठेवू दिला नाहीस,
आमच्या पोटावर ठेवलास."

शनिवार गेला. रविवार गेला.
सोमवारी रात्री पारा उणे एकवीस,
बुधवारी पोरं सायकली घेऊन सरोवरावर.
ओस्वाल्द ठाण्यात आला,
स्वतःची पट्टी टेबलावर आपटली.
"चौदा."
"शनिवारी नऊ होतं."
"शनिवारी कुणी बुडालं नाही."
"कुणी गेलंच नाही, ओस्वाल्द."
"तेच तर," तो म्हणाला,
आणि पट्टी तिथेच विसरून गेला.

न घडलेल्या गोष्टीचा पंचनामा कसा करतात,
हे मला कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलं नाही.
वाचलेल्यांची नावं
त्यांना स्वतःलाही माहीत नाहीत.
ते तार्तूत बसून म्हणत असतील,
यंदा सुट्टी फुकट गेली.

संध्याकाळी हिल्येकडे गेलो.
जेवणघरात खुर्च्या टेबलांवर उलट्या.
म्हटलं, दोन किलो दे, धुरी दिलेले.
एरवी तिचा काटा माझ्या बाजूला जरा झुकायचा,
एखादं शेपूट वर पडायचं.
आज तिने अर्धा मासा कापून परत ठेवला,
काटा मधोमध येईपर्यंत थांबली,
सुटे पैसे मोजून हातावर ठेवले.

रात्री दिवा लावून
कितीतरी वेळ
काटे काढत बसलो.