बावीसशेचं कॅबिनेट

अकरा महिने एकेक सुटा भाग जमवला.
बोर्ड पुण्याहून कुरिअरनं, रॅम बोनसात,
दोन पंख्यांचं कार्ड हुबळीच्या एका पोराचं,
लग्न ठरलं म्हणून त्यानं विकलं.
सगळं आता टेबलावर उघडंच चालतंय
बुटाच्या खोक्यावर,
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दोन पिनांना टेकवून चालू करायचं.
परवा एक पाल येऊन बसली मधोमध, ऊब शोधत.
सुवर्णा म्हणाली, दादा, ह्याला घर कर की,
नाहीतर तीच संसार थाटतीय बघ.

खडेबाजारात इराण्णा हंचिनमनींचं दुकान.
दारातच काचेवाल्यांची रांग,
निळा, जांभळा, गुलाबी उजेड फिरवत,
वरातीच्या गाडीसारखी.
एकेकाची किंमत विचारत गेलो,
खिशातले बावीसशे
न काढताच कमी होत गेले.

अंगठ्यानं पत्रा दाबला.
गोडेतेलाच्या डब्यासारखा टण्ण वाजला.
अर्धा मिलीमीटरपण नाही, मी म्हटलं.
"तू गेम खेळणार, काय पत्रा खाणार गा?" इराण्णा म्हणाले.

मग स्टीलची पट्टी काढली.
कार्ड दहा इंच दोन सूत,
आतली जागा दहाच.
दोन सुतांनी स्थळ मोडलं.

दुसरं लांबीला बसत होतं,
पण तोंडावर सगळी काच.
तळहात फिरवून बघितला,
कुठं बारीकशी फटसुद्धा नाही.

उद्यमबागेत मी साचे भरतो.
वाळू ठोकून बसली की यल्लाप्पा मेस्त्री
सायकलचा आरा हातात देतात.
टोच. अजून टोच.
लोखंड आत आलं की वाफ कुठनं जाईल, तुझ्या नाकातनं?
पहिल्याच महिन्यातली माझी पंपाची बॉडी
वरून गुळगुळीत, कापली तर आत मधाचं पोळं.
परत भट्टीत गेली.
अजून कधीतरी स्वप्नात येते, भोकाभोकांची.

"काच नको तर वर बघ मग."
माळ्यावरून एक काळं खाली आलं,
कुठल्याशा कॉलेजनं परत पाठवलेलं,
ना उजेड, ना खिडकी,
तोंडावर नुसती जाळी, वाळूच्या चाळणीएवढी बारीक.
मी फुंकर मारली.
पलीकडनं धूळ उडाली ती थेट इराण्णांच्या चष्म्यावर.
"गाळी बेकु," चष्मा पुसत म्हणाले.
हवा हवी, मी म्हटलं,
आणि एकच शब्द दोनदा बोलल्यासारखं वाटलं.

चोविसशे म्हणाले.
घासाघीस मराठीत सुरू झाली, आकडे कन्नडात गेले,
शेवटचे पन्नास हिंदीत अडून बसले.
बावीसशे, वर एक पंखा फुकट,
बिनउजेडाचा.
बिलावर माझं नाव कन्नडात लिहिलं,
मी अक्षरं जुळवत वाचलं, कंग्राळकरातला
कुठलातरी तुकडा कमी होता.
असू दे, वॉरंटी नव्हतीच.

स्कूटरवर गुडघ्यांत धरून घरी आणलं.
आतल्या कडेनं बोट कापलं.
बावीसशेत कड कोण घासून देतंय?
सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कानस आणीन.

दिवसभर चौदाशे अंशांशेजारी उभा राहतो मी
आणि रात्री स्क्रीनच्या कोपऱ्यात
एकाहत्तर आकडा बघून जीव वरखाली होतो.
सुवर्णानं देव्हाऱ्यातली उदबत्ती आणून जाळीपुढं धरली.
धूर क्षणभर घुटमळला, मग सरळ आत गेला.
मागं हात धरला, गरम.
अडुसष्ट. सदुसष्ट.
नेसर्गीचा इम्तियाज हेडफोनात ओरडतोय, कुठं मेलास रे,
आमची टीम तिथं मार खातीय.
आलो, आलो.

पाल मागच्या जाळीबाहेर येऊन बसलीय.
ऊब तिला आता
तिथंच मिळते.