उजवीकडे पाहा

नमस्कार मंडळी, मी चिझुए.
एकतीस वर्षं याच पायरीवर उभी,
पाठ रस्त्याकडे, तोंड तुमच्याकडे.
त्यामुळे नोतोचा हा किनारा मी आधी तुमच्या डोळ्यांत पाहते,
मग मान वळवून.
गाडी चालवतात ते ओकुनो. ते बोलत नाहीत.

डावीकडे पाहा. डोंगरउतरणीची भातखाचरं,
समुद्रात पाय सोडून बसलेली.
एका शेतकऱ्यानं म्हणे संध्याकाळी मोजली, दोन कमी भरली.
पुन्हा मोजली. पुन्हा दोन कमी.
वैतागून घरी निघाला, भुईवरचं इरलं उचललं,
तर दोन्ही त्याखाली.
इथे सगळे हसतात. आभारी आहे.
भूकंपानंतर भेगांतून पाणी पळालं,
पुष्कळ खाचरं कोरडी राहिली.
त्यांच्यावर कुणाचं इरलं आहे, ते मला विचारू नका.

हे काळ्या कौलांचं गाव.
कौलं ओली नाहीत, त्यांची चकाकीच तशी.
मधे मधे निळं प्लास्टिक आहे.
तेही चकाकतं.

इथल्या वाट्यांवर लाखेचे थर चढवतात
बायकांच्या केसांच्या कुंचल्यानं.
माझ्या मावशीची वेणी अशीच गेली, एकोणिसाव्या वर्षी.
अजून फिरत असेल कुणाच्या तरी वाटीवरून.
हे वहीत नाही, मी मधेच घालते.

आणि उजवीकडे पाहा, सकाळचा बाजार

जिभेची सवय.
चौतीस माना वळल्या.
ओकुनोंनी नेहमीसारखी गाडी हळू केली.
गवत. एक नळ. दोरीनं आखलेले चौकोन.
मागच्या सीटवरून हात्सुमीबाई म्हणाल्या,
"सुकी मासळी घ्या, दोनावर एक वर."
हात मांडीतच होते त्यांचे.
शेजारचा पोरगा पाकीट काढायला लागला,
मग कुठे ठेवावं ते त्याला कळेना.
मी माईक बंद केला.

पुढे मिठागर. तोकुजींच्या खांद्यावर कावड.
माझ्या वहीत लिहिलंय: लाटेपासून वाळूपर्यंत बावीस पावलं.
त्या दिवशी जमीन वर उचलली गेली,
समुद्र मागे सरला,
खडक उघडे पडले ते पांढरे होऊन वाळले.
"आता किती पावलं?" मी विचारलं.
"मोजत नाही. सांडतं फार.
पाणी वाहायला शिकलो तीन वर्षांत, फेकायला दहा.
आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी
पुन्हा वाहायला शिकतोय."

मग त्यांनी लाकडी घंगाळ्यातून पाणी भिरकावलं.
म्हणजे भिरकावलं असणार.
तुमचे डोळे एकदम मोठे झाले,
कुणीतरी "अगं बाई" म्हणालं,
आणि मी वळेपर्यंत
वाळू नुसती काळी झाली होती.

परतताना वहीतल्या बावीसवर काट मारली.
पुढची जागा कोरी. पेन्सिल ओकुनोंची.
आरशात न बघता ते म्हणाले,
"उद्या थांबू. मोजू."