सात नंबरची पट्टी

तिबिलिसीच्या संस्थेत, तिसऱ्या मजल्यावर,
नवी रंगद्रव्यं अजून कस्टममध्ये अडकलेली.
त्यांच्या एका थेंबाला माझा अर्धा पगार.
म्हणून जुनं कपाट उघडलं.
सॅफ्रॅनिनच्या बाटलीचं बूच चिकटलेलं,
कडेला लाल थर, करपलेल्या जामसारखा.

शेजारी लाकडी पेटीत काचपट्ट्या.
बारीक, उभट अक्षर:
द्राक्षवेल, आडवा छेद, काखेती, १९७४.
त्सिआला मेर्किलादझेंचं अक्षर.

साधा, स्वस्त रंग. देठातलं लाकूड लाल दाखवतो,
एवढंच आम्हाला शिकवलेलं.
खिडकीच्या उजेडात बघायचं,
वहीत वर्तुळं काढायची, घरी जायचं.
त्या दुपारी मी खोलीत काळोख केला,
काचेवर हिरवा किरण सोडला.

वेलीची नळी न् नळी लाल.
शाईचा लाल नव्हे;
पाव काढून झाल्यावर
तोनेच्या तळाशी उरतो, तो.
मागे बाल्सम किंचित धुरकट.

पन्नास वर्षं पेटीत होता हा उजेड, असं लिहिणार होतो.
खोटं आहे ते.
उजेड नव्हताच. नुसती तयारी होती.

त्सिआलाबाई एक्याऐंशीच्या. ग्लदानीत राहतात,
लिफ्टमध्ये नाणं टाकून खाली उतरल्या.
गाडीत म्हणाल्या, "लग्नात माझी नखं लाल होती.
सासूनं विचारलं, बीट सोलत होतीस का?
आणि नवरा, भरल्या टेबलावर, पेला उंचावून,
दर नव्या वर्षाला:
काचा रंगवून रंगवून काय उजेड पाडलास, बाई?"
हसल्या. पुढे पूल येईपर्यंत गप्प.

चष्मा कपाळावर सारला,
मोतीबिंदू काढलेला डोळा भिंगाला लावला.
बराच वेळ नुसता श्वास.
मी वाट पाहत होतो. आश्चर्याची,
खरं सांगायचं तर अश्रूंची.

"अल्कोहोलमध्ये कमी धुतलंय," त्या म्हणाल्या.
"डावीकडे बघ, पेशींच्या पोटात रंग राहिलाय.
घाई केली मी. पोराला ताप होता त्या दिवशी."

मग, डोळा न काढता,
चाक केसभर फिरवत:
"दुसरी लाव. सात नंबरची.
ती मी नीट धुतली होती."