उजवीची डावी

पडद्यावर कवटी फिरवते आहे,
राखाडी, बिनवजनाची.
अल्गिमांतास, वय एकोणपन्नास,
वारेनाजवळच्या लाकूडगिरणीत कामाला.
करवतीचं पातं तुटून उडालं त्याला पाच महिने झाले.
डाव्या जबड्याच्या जागी नुसता काळोख.

रीत सोपी आहे.
चेहऱ्याच्या मधोमध एक काच उभी करायची,
उजवी बाजू उचलून उलटवायची
आणि डावीकडे ठेवून द्यायची.
दोन क्लिक.
माणूस पुन्हा नाकीडोळी नीटस.

मग पायाकडे.
नडगीशेजारचं बारीक हाड, ज्यावाचून चालता येतं,
त्याचे तीन तुकडे, प्रत्येक कापाचा कोन ठरलेला.
कापायचा साचा रात्रीतून छापून निघेल.
जो पाय पहाटे बर्फ तुडवत गिरणीत जायचा
तो आता राईची भाकरी चावेल.

त्याची बहीण आली, बिरुते.
नेमुनासवरचा पूल चालत ओलांडून,
टोपी न काढताच पडद्यासमोर उभी राहिली.
"हा कोण?"

तुमचा भाऊ, मी म्हटलं. शस्त्रक्रियेनंतरचा.

"देखणा आहे. आमचा नाही.
आमच्याचा जबडा डावीकडे आत गेलेला.
सात वर्षांचा होता, घोडीनं लाथ मारली.
हसला की तोंड तिकडेच ओढलं जायचं.
आई म्हणायची, खोटं बोलतोयस, दिसतंय मला."

पिशवीतून फोटो काढला.
कुणाचं तरी लग्न, आणि कडेला तो, अर्धा कापलेला.
नशीब, डावा अर्धा.

चेहरा असतो तोवर
त्याची मापं कोण घेऊन ठेवतं?

मी पृष्ठभाग तीन मिलिमीटर आत ढकलला.
डॉक्टर मात्सायते म्हणाल्या, प्लेटचं वळण बदलेल.
बदलू दे, म्हटलं.
त्यांनी चष्मा वर केला, फोटो पाहिला,
आणि सही करायच्या आधी म्हणाल्या,
त्याला विचारलंत का?

नव्हतं विचारलं.

वॉर्डात तो खिडकीकडे तोंड करून बसलेला.
गळ्यात नळी, मांडीवर वही.
छापलेले दोन्ही जबडे मी त्याच्या हातात दिले.
आत गेलेल्यावरून त्याचा अंगठा
पुन्हा पुन्हा फिरत राहिला.
मग लिहिलं:

घोडी नव्हती.
माळ्याच्या शिडीवरून हिनं ढकललं.
चार वर्षांची होती, तिला आठवत नाही.
आईला मीच घोडी सांगितली.

थोडं थांबून, खाली, बारीक अक्षरात:
हाच बसवा.