एकास चौसष्ट

मडगावच्या हॉस्पिसियोत, शनिवारी
संध्याकाळी सहा चाळीसला, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात
निगेटिव्हची एकही पिशवी नव्हती.
बांबोळीला होत्या दोन.
मध्ये झुआरीचा जुना पूल,
आणि कुठ्ठाळीपर्यंत खोळंबलेली वाहनं.

रिव्हणच्या उतारावर खनिजाच्या ट्रकने
उडवलेली मुलगी, सतरा वर्षांची, दर्शनी वेळीप.
वरून फोन आला : असेल ते दे.
मी ओ पॉझिटिव्ह काढलं. दोन, मग आणखी दोन.
त्यातली एक नावेलीच्या पोदेराची,
फेस्ताच्या शिबिरात दिलेली.
सुई टोचताना तो हसला होता,
"पळय हां, म्हज्या रगतांत सूर आसा."

शेऱ्यात मी लिहिलं : निगेटिव्ह उपलब्ध नाही.
तिच्या बापाने सही केली
कागद भिंतीला टेकवून.
पुढचं त्याला कुणी सांगितलं का, ठाऊक नाही.
मी सांगितलं नाही.

ती जगली. मांडीत सळी घालून घरी गेली.

परकं रक्त तीनेक महिन्यांत झिजून जातं,
ओळख झिजत नाही.
पोदेर येऊन गेल्याची नोंद
तिच्या शरीराने ठेवली,
माझ्या रजिस्टराहून पक्की.

नऊ वर्षांनी ट्यूबवर तेच नाव, आडनाव बदललेलं.
ए निगेटिव्ह. चौदावा आठवडा.
एकास दोन : गुठळ्या.
एकास चार, एकास आठ : गुठळ्या.
सोळा. बत्तीस.
मी ट्यूब उजेडाकडे तिरकी धरून
हलकेच हलवत होतो,
सुटतील म्हणून.
एकास चौसष्टलाही सुटल्या नाहीत.

ती खिडकीशी आली. म्हणाली,
नर्सबाई सांगतात हा त्रास दुसऱ्या खेपेला होतो,
माझं तर पहिलंच आहे.

पहिली खेप मी दिली होती, बाय.
साडेतीनशे मिलीच्या चार पिशव्यांत.

ते इंजेक्शन आता का नको, तेही तिने विचारलं.
ते ओळख होण्याआधी द्यायचं.
नंतर ते नुसतं पाणी.
नवऱ्याचा गट पॉझिटिव्ह; बाळाला
बापाचं येण्याची शक्यता आठ आणे,
नाहीतर पुरा रुपया.
आता दर पंधरवड्याला मोजतील
बाळाच्या डोक्यातल्या शिरेत रक्त किती वेगाने धावतं.
पातळ झालं की जोरात धावतं.
तसं झालं तर पोटातच, नाळेतून, रक्त द्यायचं.

तिने सगळं ऐकलं. मग एवढंच :
"कोणाचं होतं ते?"
सांगता येत नाही, म्हटलं.
ती संध्याकाळ पुन्हा आली
तर मी तीच पिशवी काढीन,
हेही सांगता आलं नाही.

खालच्या कप्प्यात आज निगेटिव्हच्या तीन आहेत.
पिशवी टिकते पस्तीस दिवस,
तिचे अजून एकशे ऐंशी उरलेत.
ड्यूटी संपली तरी मी वही उघडून
नंबर लावत बसलोय :
काणकोणचे एक मास्तर,
चिंचिणीची नर्सिंगची मुलगी,
कुडचड्याचा एक, तो उचलत नाही.
पुन्हा लावतो.