अकरा करंडक

दिवे विझवून जीप दोनापावलचा चढ चढली.
कुत्रीही भुंकली नाहीत.
साध्या कपड्यांतले फळदेसाई, एक नौदलातला तरुण,
आणि दोघांमध्ये, मांडीवर धरलेला,
कुल्फीवाल्याकडे असतो तसला थर्मोकोलचा डबा.
‘मॅडम, एवढंच सांगायचं. समुद्रच ना?’
कागद टाइप होऊनच आला होता.
मोबाइल मागून घेतला, पावती नाही.

बावीस वर्षं मी करंडक मोजते.
डायटमला मराठीत करंडक म्हणतात, मला ते आवडतं:
काचेची डबी, काचेचंच झाकण,
कुंकवाऐवजी आत थोडं ऊन.
बुडणारा माणूस पाणी श्वासात ओढतो;
हृदय चालू असेल तोवरच
करंडक रक्तातून वाहत जातात
आणि हाडाच्या मगजात बसतात.
मेल्यावर टाकलेल्याच्या हाडात ते पोचत नाहीत.

आम्लात हाड विरघळायला रात्र गेली.
तरुण खिडकीशी उभा राहून
मुरगावच्या जहाजांचे दिवे मोजत होता,
चुकला की पुन्हा पहिल्यापासून.
फळदेसाई म्हणाले, ‘आमची पोरगी पण बीएस्सी करते.’
विषय कुठला? त्यांना आठवेना.

चारच्या सुमारास पहिला दिसला.
होडीसारखा लांबट. गोड्या पाण्यातला.
मग दुसरा. मग अकरा.
खारा एकही नाही.
ही जात मी एकाच ठिकाणी पाहिलीय,
डिचोलीकडच्या बंद खाणीच्या खड्ड्यात:
तांबडं पाणी, ना भरती ना ओहोटी,
काठावर ‘प्रवेश बंद’चा गंजका पत्रा.

‘समुद्रच ना?’
मी खुर्ची मागे सरकवली.
तरुण वाकला, एक डोळा मिटून बघत राहिला.
‘सुंदर आहेत,’ म्हणाला,
आणि एकदम ताठ झाला.

त्यांचा ‘समुद्र’ मी खोडला नाही.
समासात लिहिलं: गोडं पाणी. जिवंतपणी. अकरा.
त्याखाली सही.
त्यांनी कागद नेला, डबा नेला, काचपट्टी नेली,
बेसिनसुद्धा धुऊन ठेवलं.

उजाडताना पोदेराचा भोंपू वाजला.
पैसे नव्हते, मोबाइल त्यांच्याकडेच.
‘फाल्यां दी गो बाय,’ म्हणत त्याने चार पोई दिल्या.

मी प्रत्येक नमुन्याच्या दोन काचपट्ट्या करते.
त्यांनी विचारलं नाही.
दुसरी फ्रिजमध्ये आहे, लोण्याच्या डबीमागे.
तारीख घातलीय, ठिकाण घातलंय.
‘कुणाचा’ या रकान्यात
पेन दोनदा टेकवून उचललं.
शाईचे दोन ठिपके तेवढे आहेत.